बारा नोव्हेंबरला काहीच घडत नाही

३ सप्टेंबर

संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, संपलं आपलं सदर. अकरा वर्षं मी ‘दिनविशेष’ लिहितोय. पान सहा, हवामानाच्या खाली, शब्दकोड्याच्या वर. एवढ्या फटीत रोज शहराचा इतिहास कोंबायचा. पण सदर बंद करायचं नव्हतंच. त्याचं पुस्तक करायचंय! ११ नोव्हेंबरला आमच्या वर्तमानपत्राला शंभर वर्षं पुरी होतात, त्याच संध्याकाळी प्रकाशन. वर्षाचे तीनशे सहासष्ट दिवस, दर दिवसाला एक पान, आणि त्या पानावर फक्त आपल्या शहरात त्या तारखेला घडलेल्या गोष्टी. परक्यांची युद्धं नकोत, राजांचे जन्म नकोत.

“जमेल ना शास्त्रीबुवा?” संपादक म्हणाले. कॉलेजात संस्कृत घेतल्याची शिक्षा म्हणून हे नाव मला चिकटलंय. ते माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, खुर्ची मात्र थोरली आहे.

“सगळं कार्डांत आहे. नुसतं वेचायचंय,” मी ऐटीत म्हणालो आणि बाहेर येऊन कुणी बघत नाहीसं पाहून जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरलो. त्रेपन्नाव्या वर्षी पहिलं पुस्तक! गुडघ्यांनी निषेध नोंदवला. तो फेटाळण्यात आला.

म्हणून ही वही. अथ.

५ सप्टेंबर

ताईकडे गेलो. ही माझी थोरली बहीण. चौतीस वर्षं आमच्याच कचेरीत कात्रण विभाग तिनं एकटीनं सांभाळला. पेपरचे जुने अंक चाळायचे, शहरातली घटना दिसली की तिचं एक कार्ड करायचं, वर तारीख, खाली चार ओळी. अशी अकरा हजार कार्डं. बारा खणांचं लाकडी कपाट, दर महिन्याला एक खण. ती निवृत्त झाली त्या दिवशी किल्ली माझ्या हातात दिली आणि तेव्हापासून मी त्या कार्डांवर जगतोय.

“मुखपृष्ठावर दोघांची नावं घालायची,” मी म्हणालो. “माझं खाली, तुझं वर.”

“माझं नको.” ताई शब्दकोडं सोडवत होती. पेनानं सोडवते. पेन्सिल ती म्हणे फक्त महत्त्वाच्या कामाला वापरते.

“नको म्हणजे?”

“कार्ड वाचताना सगळं वाचतोस का रे?”

“अगं, पाठ आहेत मला!”

“मग माझं नाव नकोच,” ती म्हणाली आणि आडवे सतरा भरून टाकलं.

केवढा हा विनय! घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, “वन्संना विनय? तुम्ही नक्की कुणाकडे जाऊन आलात?”

काही असो, नाव मी घालणारच. तिच्याशिवाय हे पुस्तक म्हणजे माझ्या नावावर दुसऱ्याची मिळकत. ती ‘हो’ म्हणेपर्यंत पिच्छा सोडणार नाही.

१४ सप्टेंबर

झपाटल्यासारखं काम चाललंय. जानेवारी ते ऑगस्ट पूर्ण. बायको म्हणते, मी जेवताना तारखा पुटपुटतो.

निवडीची युक्ती इथे लिहून ठेवतो, पुढच्यांच्या उपयोगी पडेल. प्रत्येक कार्डाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ताईनं पेन्सिलीनं बारीक आकडा घातलाय. बहुतेकांवर १, काहींवर २, थोड्यांवर ०. सदर हाती आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी हे कोडं सोडवलं होतं. ती प्रतवारी आहे. १ म्हणजे उत्तम, २ म्हणजे मध्यम, ० म्हणजे अधम. शंभर कार्डांत ऐंशी उत्तम निघतात, यावरून आपलं शहर किती कर्तबगार आहे तेही कळतं. मी नेहमी एकाचीच घेतो, अगदी नड पडली तर दोनाची. शून्याला आजवर हात लावलेला नाही.

ताईचे काही निकाल मात्र फार कडक आहेत. वाचनालयाच्या उद्घाटनाला शून्य! तिथल्या ग्रंथपालाशी तिचं काहीतरी बिनसलं असावं.

१९ सप्टेंबर

तीनशे पासष्ट पानं झाली.

एक होत नाही. १२ नोव्हेंबर. नोव्हेंबरच्या खणात ११चं शेवटचं कार्ड संपतं आणि थेट १३चं सुरू होतं. मध्ये काही नाही. शंभर वर्षांत त्या तारखेला या शहरात ना कुणी काही बांधलं, ना पाडलं, ना पेटवलं. एकोणतीस फेब्रुवारीसुद्धा सात कार्डं बाळगून आहे!

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर अंगावर आनंदाचा काटा आला. अकरा वर्षांत असं काही हाताला लागलं नव्हतं. आमच्या मीमांसेच्या गुरुजींनी शिकवलं होतं, एखादी वस्तू ‘न सापडणं’ हेसुद्धा ज्ञानाचं साधन असतं. अनुपलब्धी. परीक्षेत त्यावर मला सतरा मार्क होते.

२१ सप्टेंबर

सापडलं! सापडलं!

मग हरवलं. क्रमानं लिहितो.

अग्निशमन केंद्रात गेलो. तिथे प्रत्येक आगीची वही असते. दलप्रमुख मिशीवाले आणि मनमिळाऊ. साठ वर्षांच्या वह्या काढून दिल्या. दुसऱ्याच वहीत १२ नोव्हेंबर, लाकडाच्या वखारीला आग, चार बंब, सहा तास! मी टेबलावर हात आपटला. दलप्रमुखांच्या बशीतला चहा उडाला.

पण ती वखार ओळखीची वाटली. कचेरीत येऊन बघतो तर तिचं कार्ड आहेच की, १३ नोव्हेंबरला! म्हणजे वहीतच चूक. परत गेलो.

“तुमच्याकडे एक दिवस चुकलाय,” मी म्हणालो. “आमच्या पेपरात तेरा आहे.”

“साहेब,” ते मिशी पुसत म्हणाले, “आम्ही आग विझवायला गेलो होतो. तुम्ही छापायला.”

माणूस हजरजबाबी आहे, पण तारखांच्या बाबतीत सरकारी माणसांवर विसंबता येत नाही. पुलाचंच बघा. पुलावरच्या दगडावर उद्घाटन ३ ऑक्टोबर असं कोरलं होतं, कार्डावर ४. सात वर्षांपूर्वी मी लागोपाठ तीन लेख लिहून पालिकेला दगड बदलायला लावला. तेव्हापासून ४ तारखेला पूलदिन होतो आणि प्रमुख पाहुणा मीच असतो. जुना दगड पालिकेच्या माळ्यानं बागेत नेला. त्यावर कुंड्या ठेवतो म्हणे.

२५ सप्टेंबर

शाळा, पाणीपुरवठा, वाचनालय. १२ नोव्हेंबर कुठेच नाही. किंवा आहे, पण तेच प्रकरण माझ्या खणात तेराला आहे. तीन ठिकाणी तीन माणसं नेमकी एकेका दिवसानं चुकतात. गंमत आहे.

छापखान्याचा फोरमन फोनवर : “शास्त्रीबुवा, पंचवीस ऑक्टोबरला सगळी पानं माझ्याकडे पाहिजेत. एक पान कोरं चालेल, हिशोब लिहायला म्हणून सांगू.” लोकांना काही गांभीर्य नाही.

ताईला विचारलं. म्हणाली, “बाराला नाहीच सापडायचं काही.”

“का गं?”

“तू पाठ केलीयस ना कार्डं?”

तिला माझं हे काम आवडलेलं दिसत नाही. नावाचा विषय काढला तर उठून खिडकीतल्या झाडांना पाणी घालायला गेली. कुंड्यांतून आधीच पाणी गळत होतं.

२८ सप्टेंबर

आज खरंच सापडलं.

सकाळी चहा. मी नेहमीप्रमाणे पेपर उघडून त्याच्याआड म्हणालो, “बारा नोव्हेंबरला या शहरात काय होतं कोण जाणे.”

पेपरच्या पलीकडून आवाज आला, “तुम्ही माझ्याशी बोलता.”

“काय?”

“बारा नोव्हेंबरला. वर्षातून तो एकच दिवस तुम्ही सकाळी माझ्याशी बोलता. पेपर नसतो ना.”

पेपर नसतो.

११ तारखेला वर्धापनदिन. कचेरी बंद, सगळे सहलीला. म्हणून १२ला अंक निघत नाही. कधीच निघाला नाही. अंक नाही म्हणून कार्ड नाही. म्हणजेच कार्डावरची तारीख घटनेची नाही, अंकाची आहे! आणि सकाळच्या अंकात असतं ते काल घडलेलं.

वखार बाराला जळली, आम्ही तेराला छापली. पूल तीनला खुला झाला, आम्ही चारला छापला. त्या दगडावर बरोबर कोरलेलं होतं. दलप्रमुखांची मिशी बरोबर होती.

आणि मला हे अकरा वर्षांत का कळलं नाही? कारण १२ नोव्हेंबरचं सदर मला कधी लिहावंच लागलं नाही. अंकच नाही तर सदर कुठलं!

“अगं,” मी म्हणालो, “मी अकरा वर्षं रोज चुकतोय!”

“रोज म्हणू नका,” ती म्हणाली, “बाराला सुट्टी असते.”

मला रडू यायला हवं होतं. मी हसत सुटलो. तीही. चहाचं थंडगार पाणी झालं.

मग एकदम एक गोष्ट आठवून हसू आटलं. कार्डं ताईची. म्हणजे चूक ताईची. अकरा हजार वेळा. हे तिला कुणी सांगायचं? मी? तिचं नाव मुखपृष्ठावर घालायला निघालेला मी?

२९ सप्टेंबर

ताईची चूक नाही. ईश्वरा, आता ताईची असती तर बरं झालं असतं असं म्हणावंसं वाटतंय.

सकाळी सातला कचेरी उघडून घेतली. कपाटाचा पहिला खण, जानेवारी. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कचेरीच्या फोन नंबरांची यादी आहे. मीच चिकटवली होती, किल्ली मिळाली त्याच आठवड्यात, सोयीसाठी. एक कोपरा सुटलेला दिसला. खाली शाई होती. ओल्या फडक्यानं आणि पट्टीच्या कडेनं यादी सोडवली. जाहिरात विभागाच्या नंबराखालून ताईचं अक्षर वर आलं :

‘कार्डावरची तारीख अंकाची आहे. घटना केव्हा घडली ते बातमी वाचून ठरवलं आहे. कोपऱ्यातला आकडा तारखेतून वजा करावा. ० असल्यास घटना त्याच दिवशीची.’

कोपऱ्यातला आकडा.

१ म्हणजे काल. २ म्हणजे परवा. ० म्हणजे आज : सकाळच्या अंकात ‘आज उद्घाटन’ असं आधीच छापलेलं. वाचनालयाचं होतं तसं. म्हणजे अकरा हजार कार्डांत जशीच्या तशी उचलायला योग्य होती ती फक्त शून्याची, आणि तेवढीच मी निष्ठेनं टाळली. उत्तम, मध्यम, अधम! माझ्या टीकेत एकच दोष निघाला. मूळ ग्रंथ मी वाचला नव्हता.

मग बाराही खण काढून बघितले. प्रत्येक खणाच्या मागच्या फळीवर पेन्सिलीनं तारखांची उतरंड आहे. ‘तपासलं, ११ नोव्हेंबर’, त्याखाली पुढचं वर्ष, ‘तपासलं, ११ नोव्हेंबर’. थेट तळापर्यंत. दुसरी तारीखच नाही.

११ नोव्हेंबर म्हणजे सहलीचा दिवस. मला ते पक्कं आठवतं. दरवर्षी बसमध्ये आमच्या शेजारची जागा रिकामी असायची आणि आम्ही सांगायचो, ताईचं डोकं दुखतंय.

३० सप्टेंबर

ताईकडे गेलो. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, प्रतवारीसकट. फोनची यादीसुद्धा दाखवली.

तिनं शब्दकोड्याचं पेन खाली ठेवलं. मग : “उत्तम, मध्यम, अधम?”

“हो.”

“आणि शून्य म्हणजे अधम?”

“हो गं.”

ती इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली.

“पण ताई, तू रोज सदर वाचायचीस. बोलली का नाहीस?”

“पहिल्याच आठवड्यात फोन केला होता. ‘अरे, आजच्या सदरात कालचं आहे,’ म्हटलं. त्यावर तू मला काळ कसा अखंड असतो ते वीस मिनिटं समजावून सांगितलंस.”

हे मला अजिबात आठवत नाही. म्हणजे खरं असणार.

“मग मी म्हटलं, तुमची पद्धत असेल. पेपरात नाहीतरी आजच्या तारखेखाली कालचंच असतं. आणि तुम्हाला माझे आकडे नको असतील तर...” चष्मा काढून तिनं पदराला पुसला. तो स्वच्छच होता. “पण पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो रे. पुस्तक राहतं. त्यावर माझं नाव नको म्हटलं ते तेवढ्यासाठी.”

“आता दुरुस्त केलं तर?”

“आधी कर. मग बघू.”

१ ऑक्टोबर

संपादकांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं, मग खिडकीही.

“अकरा वर्षं? कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

“आलं. एकीच्या.”

“खुलासा देऊ. पान पाच, तळाला. ‘काही तारखांत फरक असू शकतो.’”

“पान एक,” मी म्हणालो. “आणि ‘काही’ नाही. ‘सर्व’.” असं मी कुणाशी कधी बोललो नव्हतो. आवाज चांगला निघाला. त्यांनी विचारलं, पुस्तक तरी होणार का? म्हटलं, आताच तर होणार!

फोरमनला फोन केला. मला वाटलं शिव्या देईल. तो म्हणाला, “म्हणजे मजकूर तोच, दिवस एक अलीकडे? मग पानं कशाला हलवायची? मथळे बदलू. तीनशे सहासष्ट तारखा. दुपारचं काम.” एवढ्या संकटाचं कुणी दुपारचं काम करून टाकलं की जरा अपमानच वाटतो.

४ ऑक्टोबर

पूलदिन. खुलासा सकाळीच पान एकवर आला होता. तरी मंडप होता, खुर्च्या होत्या, प्रमुख पाहुणा मी. माइकसमोर उभं राहून म्हणालो, “आज या पुलाच्या उद्घाटनाला एक दिवस झाला.”

मग दलप्रमुख मिशीतून हसले आणि सगळा मंडप हसत सुटला. बावन्न वर्षांचा पूल बहुधा पहिल्यांदाच इतका हलला. माळी जुना दगड द्यायला तयार आहे. कुंड्यांची सोय करून द्या म्हणतो.

१९ ऑक्टोबर

मथळे बदलले, पण ते दुपारचं काम नव्हतं. दोनाची कार्डं वेगळी काढून दोन दिवस मागे न्यायची होती. शून्याची पहिल्यांदाच आत घ्यायची होती. एक मार्चच्या घटना कुठल्या वर्षी अठ्ठावीसला जातात आणि कुठल्या वर्षी एकोणतीसला, ते बायकोनं बोटांवर मोजून दिलं. वाचनालय सन्मानानं आपल्या पानावर गेलं. ताई रोज मुद्रितं तपासते. कोपऱ्यात तिची पेन्सिल चालते आणि मी आता कोपरे आधी वाचतो.

आणि १२ नोव्हेंबर भरलं! वखार, शाळेचं नवं छप्पर, पाण्याची टाकी. वाहतं पान!

मात्र भोक एक घर सरकलंय. एक दिवस मागे गेल्यावर ११ नोव्हेंबर रिकामं झालं. अकराच्या अंकातलं शून्याचं कार्ड एकही नाही; त्या दिवसाच्या बातम्या तेराला येणार, दोनाच्या आकड्यानं. त्या शोधल्या तर दोनच निघाल्या. सगळे वार्ताहर सहलीला असतील तर बातमी देणार कोण? वर वर्तमानपत्राची स्थापना, खाली त्या दोन, आणि त्याखाली अर्धं पान पांढरं. प्रकाशनाच्या दिवसाचंच पान!

फोरमन म्हणतो, आता तरी हिशोब लिहायला ठेवू या.

२२ ऑक्टोबर

त्या अर्ध्या पानावर काय जावं हे मला आज जिना चढताना कळलं. चढतानाही दोन-दोन पायऱ्या घेतल्या. लिहिलं ते असं :

‘११ नोव्हेंबर. या दिवशी वर्तमानपत्राची कचेरी बंद असते. चौतीस वर्षे या दिवशी कात्रण विभागाच्या प्रमुख बंद कचेरीत एकट्या येऊन बसल्या आणि शहरात नेमके केव्हा काय घडले ते तपासून त्यांनी प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात एकेक आकडा लिहिला. या पुस्तकातील प्रत्येक तारीख त्या आकड्यांमुळे खरी आहे.’

खाली तिचं पूर्ण नाव. नोकरीची वर्षं चौतीस, म्हणजे अकरा नोव्हेंबरही चौतीस. त्यात मोजायचं काय?

मुद्रित पाकिटात घालून तिच्याकडे पाठवलं. सोबत चिठ्ठी नाही. स्वतः जायचा धीर झाला नाही. तिनं नाव खोडलं तर ते मला समोर उभं राहून बघायचं नव्हतं.

२३ ऑक्टोबर

काही नाही. बायको म्हणते, फोन करा. नाही केला.

२४ ऑक्टोबर

पाकीट आलं. उद्या पानं जायची आहेत. कचेरीत न उघडता घरी आणलं. बायकोनं पेपर बाजूला सारून जागा केली.

‘चौतीस’ खोडलंय. वर पेन्सिलीनं ‘तेहतीस’. समासात बारीक अक्षरात : ‘एका वर्षी खरंच डोकं दुखत होतं. मोजत जा.’

नाव तसंच आहे. खोडलेलं नाही.

“अहो,” बायको म्हणाली, “कोपरा वाचा.”

पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, नीट, गोल, वेळ घेऊन काढलेलं : ०.